ग्रॅम स्टेनमध्ये सगळेच जांभळे का आले? : बीडीएस दुसरे वर्ष आणि जीवाणूची पेशीरचना

बेलपान

नमस्कार. मी नवी मुंबईतील एका दंत महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे आणि रोज ठाण्याहून ट्रान्स-हार्बरच्या गाडीने जाते-येते. या आठवड्यात सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रात्यक्षिकात आम्हाला स्वतःच्याच दातांवरचा प्लाक घेऊन त्याची स्लाइड ग्रॅम पद्धतीने रंगवायची होती. या पद्धतीत काही जीवाणू जांभळे राहतात (ग्रॅम पॉझिटिव्ह) आणि बाकीचे गुलाबी दिसतात (ग्रॅम निगेटिव्ह). मी खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूने थोडा पांढरट थर खरवडून घेतला, पाण्याच्या थेंबात पसरवला आणि जर्नलमध्ये लिहिल्याप्रमाणे चारही पायऱ्या केल्या. तेलभिंगाखाली पाहिले, तर गोल, लांबट, धाग्यासारखे असे सर्व आकार होते, पण एकूण एक जांभळे. मॅडमनी नेत्रिकेतून पाहिले आणि एवढेच विचारले, "यात ग्रॅम निगेटिव्ह एकही नाही, हे तुला पटते का?" मला काहीच उत्तर देता आले नाही.

जीवाणूच्या पेशीची आकृती मी नावांसह न पाहता काढू शकते. पेशीभित्तिका, पेशीपटल, कॅप्सूल (भित्तिकेबाहेरचे आवरण), फ्लॅजेला (हालचालीचे शेपटीसारखे तंतू), पिलाय, ७०एस रायबोसोम (प्रथिने बनवणारे कण), प्लाझमिड, सर्व काही पाठ आहे. मात्र प्रश्न थोडा आडवा आला की त्या आकृतीचा मला उपयोग होत नाही. स्लाइड कुठे चुकली असेल, आणि हा धडा दातांच्या विद्यार्थ्याने कसा वाचावा, हे जाणकारांनी सांगावे, ही विनंती.

पारसिक

मी कळव्याला राहतो आणि वाशीच्या एका पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. दिवसाला अनेक स्लाइड हाताखालून जातात, त्यामुळे तुमची चूक बहुधा कुठे आहे ते सांगू शकतो. प्लाक चिकट असतो. तो पाण्यात नीट न फोडता पसरवला, तर जाड पुंजके राहतात, आणि पुंजक्याच्या आतून जांभळा रंग निघून जायला वेळ लागतो. म्हणजे एक तर तुमचा स्मिअर (काचेवर पसरवलेला नमुना) जाड झाला, नाही तर रंग उतरवणारे स्पिरिट कमी पडले. माझ्या मते दोन्ही झाले.

क्रिस्टल व्हायोलेट १ मिनिट, आयोडीन १ मिनिट आणि शेवटी सॅफ्रॅनिन साधारण अर्धा ते १ मिनिट, एवढे घड्याळ लावून करावे. स्पिरिटच्या पायरीला मात्र घड्याळ पाहू नये. स्लाइड तिरकी धरावी, वरून थेंब थेंब स्पिरिट सोडावे आणि खालच्या कडेने गळणारा थेंब पाहत राहावे. पहिले थेंब गडद जांभळे येतात, मग फिकट, आणि थेंब जवळजवळ स्वच्छ दिसला की त्याच क्षणी पाण्याने धुवावे. पातळ स्मिअरला हे काही सेकंदांचेच काम आहे. तिथे रेंगाळलात, तर जे जांभळे राहायला हवेत तेसुद्धा गुलाबी होतील.

आणखी एक गोष्ट. पावसाळ्यात आपल्याकडे हवा इतकी दमट असते की स्मिअर लवकर वाळत नाही, आणि मुले घाईने ओली स्लाइडच ज्योतीवर धरतात. त्यात पेशी शिजतात, फुटतात आणि रंग धरण्याची त्यांची ताकद बिघडते. स्मिअर हवेतच पूर्ण वाळू द्यावा, नंतर ज्योतीवरून तीनदा झटकन फिरवावा. स्लाइडची मागची बाजू हाताच्या पाठीला लावून पाहावी; चटका बसला, तर ती जास्त तापली असे समजावे.

मासुंदा

मी अनेक वर्षे हा विषय दंत आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवला आणि आता निवृत्त होऊन ठाण्यातच असते. बेलपान, पारसिक यांनी हाताचे काम अचूक सांगितले आहे. मी त्यामागचे कारण सांगते, कारण तुझ्या मॅडमनी विचारलेला प्रश्न खरे तर पेशीभित्तिकेचा आहे.

हान्स क्रिस्टियान ग्रॅम या डॅनिश डॉक्टरने १८८४ साली बर्लिनमध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. जीवाणूंचे दोन गट पाडणे हा त्याचा हेतू नव्हता. न्यूमोनियाने दगावलेल्या रुग्णांच्या फुप्फुसाच्या कापात जीवाणू उठून दिसावेत, एवढीच त्याची गरज होती. काही जीवाणू रंग सोडून देतात हे त्याच्या ध्यानात आले होते. पण त्याचे कारण भित्तिकेत आहे, हे कळायला पुढे कित्येक दशके जावी लागली.

आता स्लाइडवर काय घडते ते पाहा. क्रिस्टल व्हायोलेट दोन्ही प्रकारच्या पेशींत शिरते. आयोडीन त्याच्याशी जोडले जाऊन पेशीच्या आत मोठा संयुग-कण तयार होतो. या घटकेला सर्वच पेशी जांभळ्या असतात. ग्रॅम पॉझिटिव्ह पेशीची भित्तिका पेप्टिडोग्लायकनच्या अनेक थरांची, २० ते ८० नॅनोमीटर जाड असते. स्पिरिटने तिच्यातील पाणी ओढले जाते, थर आक्रसतात, छिद्रे बारीक होतात आणि मोठा झालेला कण आत अडकून पडतो. ग्रॅम निगेटिव्ह पेशीत पेप्टिडोग्लायकनचा थर अगदी पातळ असतो आणि त्याच्या बाहेर स्निग्ध पदार्थांचे एक बाह्यपटल असते. स्पिरिट ते बाह्यपटल विरघळवते, पातळ थराला कण धरून ठेवता येत नाही, पेशी रंगहीन होते आणि म्हणूनच नंतर सॅफ्रॅनिनचा गुलाबी रंग तिच्यावर दिसतो.

एवढे समजले की तोंडी परीक्षेतले आडवे प्रश्न सरळ होतात. आयोडीन विसरलीस तर काय दिसेल? कण मोठा झालाच नाही, त्यामुळे स्पिरिटमध्ये सगळ्यांचाच जांभळा रंग धुऊन जाईल आणि सगळे गुलाबी दिसतील. सॅफ्रॅनिन विसरलीस तर? ग्रॅम निगेटिव्ह रंगहीन राहतील आणि तुला ते दिसणारच नाहीत. स्पिरिट कमी पडले तर काय होते, ते तू स्वतः पाहिलेच आहेस. याची पाठांतरासाठी यादी करू नकोस. भित्तिका डोळ्यांसमोर ठेवलीस, तर उत्तर दर वेळी नव्याने काढता येते.

ज्या पेप्टिडोग्लायकनची ही गोष्ट आहे, त्याची वीण एकदा नीट पाहून घे. एन-ॲसिटिल ग्लुकोसामाइन आणि एन-ॲसिटिल म्युरॅमिक ॲसिड या दोन शर्करांच्या एकाआड एक लांब साखळ्या, आणि शेजारच्या साखळ्यांना जोडणारे पेप्टाइडचे आडवे बंध. आपल्या खाडीवरच्या कोळ्यांकडे जाळे विणताना पाहिले असशील. सूत कितीही चांगले असले, तरी जाळे टिकते ते गाठींवर. पेनिसिलिन आणि त्याच्या कुळातील ॲमॉक्सिसिलिन नेमकी ही गाठ मारणाऱ्या एन्झाइमला बांधून टाकतात. जीवाणू वाढत असतो, सूत पुढे सरकत असते, पण गाठी पडत नाहीत, आणि आतला दाब मोठा असल्यामुळे पेशी फुटते. यातून दोन गोष्टी आपोआप निघतात. हे औषध वाढत्या जीवाणूंवर चांगले चालते, आणि भित्तिकाच नसलेल्या मायकोप्लाझ्मावर ते चालूच शकत नाही. आपल्या पेशींनाही भित्तिका नाही, त्यामुळे तिच्यावर नेम धरणारे औषध आपल्या पेशींना सोडून देते.

ऐरोलीकर

मी या क्षेत्रातला नाही. माझी मुलगी पुढच्या वर्षी याच अभ्यासक्रमाला जाण्याच्या विचारात आहे, म्हणून वाचतो आहे. लाळेतच जीवाणू मारणारे एक द्रव्य असते, असे तिने सांगितले. ते खरे असेल, तर दात किडतात कसे? प्रश्न भाबडा वाटल्यास माफ करावे.

मासुंदा

प्रश्न भाबडा मुळीच नाही. त्या द्रव्याचे नाव लायसोझाइम. अलेक्झांडर फ्लेमिंगने ते १९२२ साली जाहीर केले, पेनिसिलिनच्या शोधाच्या सहा वर्षे आधी. ते लाळेत, अश्रूंत आणि नाकातील स्रावात असते. मी वर ज्या दोन शर्करा सांगितल्या, त्यांच्यामधला बंध ते कापते. पेनिसिलिन गाठ पडू देत नाही आणि लायसोझाइम सूतच तोडते, असे म्हटले तरी चालेल. मात्र ग्रॅम निगेटिव्ह जीवाणूंचे बाह्यपटल त्याला आत येऊ देत नाही, आणि तोंडात वस्ती केलेले पुष्कळ ग्रॅम पॉझिटिव्ह जीवाणूही त्याला बऱ्यापैकी सरावलेले असतात. दात किडण्याबद्दल एखाद्या दंतवैद्याने लिहिले तर बरे होईल.

तिसरी दाढ

नौपाड्यात माझा दवाखाना आहे. किडीचा मुख्य कर्ता स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स. जे. किलियन क्लार्क यांनी १९२४ साली किडलेल्या दातांतून तो वेगळा काढला. आम्लयुक्त माध्यमात तो गोल न दिसता लांबट दिसे, त्यामुळे हे एखाद्या जीवाणूचे बदललेले रूप असावे असे त्यांना वाटले, आणि 'म्युटन्स' हे नाव त्यातून आले. हा जीवाणू साधारण अर्धा ते पाऊण मायक्रोमीटरचा आहे. तांबडी रक्तपेशी ७ मायक्रोमीटरची असते. तिच्या रुंदीवर असे दहा-बारा सहज ओळीने मावतील.

त्याच्यापाशी तीन हत्यारे आहेत आणि तिन्ही पेशीरचनेतलीच आहेत. पहिले, ग्लुकोसिलट्रान्सफरेज हे एन्झाइम. आपली साधी साखर, म्हणजे सुक्रोज, मिळाली की हे एन्झाइम तिच्यातून ग्लुकान नावाचा चिकट, पाण्यात न विरघळणारा पदार्थ बनवते आणि त्याच्या आधारे जीवाणू दाताला चिकटून घर बांधतात. दुसरे, साखरेचे लॅक्टिक आम्लात रूपांतर. तिसरे हत्यार विद्यार्थी हमखास विसरतात. स्वतःच तयार केलेल्या आम्लात इतर पुष्कळ जीवाणूंची वाढ खुंटते, पण याच्या पेशीपटलात हायड्रोजन आयन बाहेर फेकणारा पंप असतो, त्यामुळे बाहेर आम्ल असले तरी आतले वातावरण सुसह्य राहते. टूथपेस्टमधील फ्लोराइड दाताचे एनॅमल मजबूत करते हे सर्वांना माहीत असते. ते या पंपालाही अडथळा आणते, हे फार थोड्यांना माहीत असते.

ऐरोलीकर, आता तुमच्या प्रश्नाकडे वळतो. गोड खाल्ल्यावर काही मिनिटांत प्लाकमधील पीएच घसरतो. तो सुमारे ५.५ च्या खाली गेला की एनॅमलमधील खनिज विरघळू लागते. लाळ ते आम्ल हळूहळू निवळवते, पण त्याला अर्धा तास ते एक तास लागतो. दिवसातून सहा वेळा साखरेचा चहा आणि प्रत्येकासोबत बिस्किट असेल, तर लाळेला सावरायला उसंतच मिळत नाही. म्हणून मी रुग्णाला गोड किती खाता, यापेक्षा किती वेळा खाता, हे आधी विचारतो.

बेलपान, सगळीच पेशीरचना पाठ करण्याबद्दल मात्र माझा मतभेद आहे. दंतवैद्याला दवाखान्यात लागते तेवढीच रचना पक्की असावी. फ्लॅजेलाच्या मांडणीचे चार प्रकार पाठ करण्यात घालवलेला वेळ मला तरी कधी कामी आला नाही.

मासुंदा

डॉक्टर, हा मतभेद मला मान्य नाही, आणि त्याचे कारण तुमच्याच क्षेत्रात आहे. हिरड्यांच्या खोल कप्प्यात ट्रेपोनेमा डेंटिकोला हा सर्पिल जीवाणू सापडतो. त्याचे फ्लॅजेला बाहेर लोंबत नाहीत; ते बाह्यपटलाच्या आत, पेशीच्या अंगाला गुंडाळलेले असतात. ते आतल्या आत फिरतात, तेव्हा सगळी पेशीच मळसूत्रासारखी वळत पुढे सरकते आणि घट्ट, चिकट द्रवातूनही वाट काढते. फ्लॅजेला कुठे बसतात हे ज्याने शिकले, त्यालाच हा जीव ऊतींत एवढा खोल कसा शिरतो ते समजते.

हिरड्यांच्या आजाराचा विषय निघालाच आहे, तर बाह्यपटलाबद्दलही लिहिते. पोर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस हा ग्रॅम निगेटिव्ह, प्राणवायू न सोसणारा छोटा दंडगोल. रक्तयुक्त अगारवर (जीवाणू वाढवण्याच्या माध्यमावर) त्याच्या वसाहती काही दिवसांत काळ्या पडतात, कारण तो रक्तातील हीम हा लोहयुक्त घटक पृष्ठभागावर साठवतो. त्याच्या बाह्यपटलात लिपोपॉलिसॅकराइड असते आणि त्यातील लिपिड ए हा भाग म्हणजेच एंडोटॉक्सिन. आपल्या संरक्षक पेशींना या घटकाची ओळख जन्मजात असते. तो दिसताच त्या दाहाचे संदेश सोडतात, आणि हे संदेश वर्षानुवर्षे थांबले नाहीत, तर हाड झिजवणाऱ्या आपल्याच पेशी जाग्या होतात. पेरिओडॉन्टायटिसमध्ये दाताभोवतीचे हाड जीवाणू स्वतः खात नाहीत. ते आपले शरीर काढून टाकते. किडीत जीवाणूचे आम्ल दात झिजवते आणि इथे जीवाणूच्या भित्तिकेला दिलेले उत्तर हाड झिजवते. हा फरक ज्या विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत लिहिला, त्याला मी नेहमी मोकळ्या हाताने गुण दिले.

ऐरोलीकर, मुलीला एक गोष्ट जरूर सांगा. तुमच्या ऐरोलीच्या खाडीत फ्लेमिंगो येतात आणि त्यांचा गुलाबी रंग खाद्यातील कॅरोटिनॉइडमुळे येतो. त्या खाद्यातले निळे-हिरवे शैवाल हे प्रत्यक्षात सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जीवाणूच आहेत, आणि त्यांच्या भित्तिकेची ठेवण ग्रॅम निगेटिव्ह घडणीची आहे. हिरड्यांतला तो काळा जीवाणू आणि खाडीतले हे, दोघांनाही बाह्यपटल आहे.

तिसरी दाढ

मॅडम, ट्रेपोनेमाबद्दलचे म्हणणे मला पटले. मी माझे वाक्य मागे घेतो.

दवाखान्यातला एक प्रसंग सांगतो, कारण तो थेट पेशीरचनेशी जोडलेला आहे. शिक्षण संपल्यावर मी एका ठिकाणी काही महिने काम केले. तिथे संध्याकाळी गर्दी वाढली की अवजारे मोठ्या पातेल्यात उकळून पुन्हा वापरली जात. मी विचारले, तर "उकळत्या पाण्यात काय जगणार?" असे उत्तर मिळाले. जगतात ते स्पोर. बॅसिलस आणि क्लॉस्ट्रिडियम या कुळांतील जीवाणू परिस्थिती बिकट झाली की आपला डीएनए आणि थोडा आवश्यक ऐवज एका जाड आवरणात बंद करतात. आत पाणी फार कमी असते आणि कॅल्शियमसह डायपिकोलिनिक आम्ल भरलेले असते. हा बंदिस्त गोळा १०० अंशांच्या पाण्यात तग धरू शकतो. म्हणून ऑटोक्लेव्ह. १५ पौंड दाबाखाली वाफ १२१ अंशांवर जाते आणि १५ मिनिटांत स्पोर नष्ट होतात. तत्त्व घरच्या कुकरचेच आहे: मारते ते तापमान, दाब फक्त पाण्याला १०० अंशांच्या पुढे जाऊ देतो. आत हवा अडकली, तर दाबाचा काटा बरोबर दिसतो आणि तापमान कमीच राहते. त्यासाठी जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलसचे स्पोर असलेली चाचणी ठरावीक काळाने लावावीच लागते. ते स्पोर मेले, तरच यंत्र काम करते आहे असे समजायचे. त्या ठिकाणी मी फार दिवस राहिलो नाही.

औषधांबद्दल थोडक्यात. रायबोसोम ७०एस का पाठ करायचे, तर डॉक्सिसायक्लिन त्याच्या ३०एस भागाला आणि ॲझिथ्रोमायसिन, क्लिंडामायसिन ५०एस भागाला धरतात. आपल्या पेशीद्रवातील रायबोसोम ८०एस असल्यामुळे ते बहुतांशी वाचते. मेट्रोनिडॅझोल प्राणवायूविना जगणाऱ्या जीवाणूंच्या आतच जागृत होते आणि त्यांचा डीएनए तोडते. मात्र दाताच्या मुळाशी पू झाला असेल, तर तो बाहेर काढणे हा पहिला उपचार आहे. प्लाकच्या बायोफिल्ममध्ये, म्हणजे जीवाणूंच्या चिकट थरात, दडलेल्या जीवाणूंवर कोणतेच औषध पुरेसे पोहोचत नाही. तिथे ब्रश आणि स्केलर (दात खरवडण्याचे अवजार) यांनी घर मोडावेच लागते.

बेलपान

सर्वांचे मनापासून आभार. एक शंका आहे. आमच्या वर्गात फिरणाऱ्या जुन्या टिपणांमध्ये 'मेसोसोम: श्वसनाचे केंद्र' असे आहे आणि आकृतीतही पेशीपटलाची वळी दाखवली आहे. नव्या पुस्तकात तो शब्दच नाही. परीक्षेत काय लिहावे?

मासुंदा

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी पेशी रसायनांनी स्थिर करताना पेशीपटलाला ज्या वळ्या पडत, त्यांना मेसोसोम हे नाव मिळाले होते. पेशी अतिशय झटपट गोठवण्याच्या पद्धती आल्यावर त्या वळ्या दिसेनाशा झाल्या. तयारीत झालेला तो दोष होता, पेशीतला अवयव नव्हे, असे आता मानले जाते. श्वसनाची एन्झाइमे पेशीपटलातच असतात, हे मात्र खरे आहे. हीच दोन वाक्ये परीक्षेत लिही. मी स्वतः सुरुवातीची काही वर्षे तो मेसोसोम फळ्यावर काढला आहे आणि नंतर पुसला आहे. विद्यार्थ्यांपुढे हे मोकळेपणाने सांगणे मला नेहमीच गरजेचे वाटले.

पारसिक

कॅप्सूलबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून दोन ओळी. ती साध्या स्टेनने रंगत नाही. इंडिया इंकच्या थेंबात जीवाणू मिसळून पाहिले, तर काळ्या पार्श्वभूमीवर पेशीभोवती स्वच्छ वलय दिसते. तेवढा प्रयोग एकदा मागून घेऊन कराच.

बेलपान

आज प्रात्यक्षिकाच्या जादा तासात पुन्हा स्लाइड केली. या वेळी प्लाक सुईच्या टोकावर मावेल एवढाच घेतला, थेंबात बराच वेळ घोळवला आणि स्पिरिटच्या पायरीला गळणाऱ्या थेंबावरून नजर हलवली नाही. जांभळ्या गोलांच्या साखळ्या दिसल्या, जांभळे लांब तंतू दिसले आणि त्यांच्यामध्ये गुलाबी, दोन्ही टोकांना निमुळते होत गेलेले, चातीसारखे जीवाणू दिसले. एका तंतूभोवती तर गोल जीवाणू असे दाटून बसले होते की ते हुबेहूब मक्याचे कणीस वाटत होते. मॅडमनी पाहिले, फोकस थोडा हलवला आणि शेजारच्या मुलींनाही बोलावून दाखवले. सर्पिल जीवाणू मात्र एकही सापडला नाही. माझ्या प्लाकमध्ये ते नसतील, की पुन्हा काही चुकले?

मासुंदा

कणीस दिसले, हे वाचून फार आनंद झाला. चातीसारखे जे गुलाबी दिसले, ते फ्युजोबॅक्टेरियम असण्याचा संभव मोठा आहे. दातावर आधी येणारे स्ट्रेप्टोकॉकाय आणि नंतर येणारे ग्रॅम निगेटिव्ह यांना जोडणारा पूल म्हणून तो ओळखला जातो. १६८३ साली नेदरलँड्समधील डेल्फ्टच्या लेव्हेनहुकने, स्वतः सूक्ष्मदर्शक बनवणाऱ्या संशोधकाने, दातांच्या फटीतला असाच पांढरा थर पाण्यात मिसळून पाहिला आणि त्यातील हलणारे जीव रॉयल सोसायटीला पत्राने कळवले. तो रोज सकाळी मिठाने दात घासत असे, आणि तरीही तो थर होता, हेही त्याने लिहून ठेवले आहे.

सर्पिल जीवाणू न दिसण्यात तुझी चूक नसावी. ते इतके बारीक असतात की सॅफ्रॅनिनने रंगलेच, तरी अगदी पुसट दिसतात. हिरड्यांच्या व्हिन्सेंट संसर्गात ते आणि चातीसारखे जीवाणू एकत्र शोधावे लागतात; तिथे सॅफ्रॅनिनऐवजी सौम्य केलेले कार्बोल फुक्सिन वापरतात, त्याने दोन्ही ठळक होतात. शिवाय तू नमुना हिरडीच्या वरून घेतलास, आणि त्यांची वस्ती प्रामुख्याने हिरडीच्या खालच्या कप्प्यात असते. मॅडमना विचारून पेरिओ (हिरड्यांच्या आजारांच्या) विभागातील एखाद्या रुग्णाच्या खोल कप्प्यातला नमुना मिळतो का पाहा, आणि तो रंगवू नकोस. थेंबावर काचपट्टी ठेव आणि डार्क ग्राउंड (काळ्या पार्श्वभूमीवर जीव उजळ दाखवणाऱ्या) सूक्ष्मदर्शकाखाली ओलाच असताना लगेच पाहा, कारण थेंब सुकत गेला की त्यांची हालचाल मंदावते.